जर्मन लोक रोजच्या जगण्यात खरंच एवढे इको-फ्रेंडली असतात का?

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगते. मिस्टरांची बदली पुण्याहून श्टुटगार्टला झालीय, सप्टेंबरात दोन मुलांना घेऊन येतायत, आणि त्यांनी सगळीकडे ऐकलंय की जर्मन लोक कचरा पाच डब्यांत टाकतात, सायकलवर फिरतात, प्लास्टिकला हात लावत नाहीत. तर हे खरं की नुसता दिखावा, आणि आपल्याला तिथे गेल्यावर काय काय बदलावं लागेल?

मी इकडे एकोणीस वर्षं आहे आणि त्यातली चौदा वर्षं कामच हे करतेय, भाडेकरूंच्या घरी जाऊन वीज, हीटिंग आणि कचरा यावर सल्ला द्यायचं. म्हणजे लोकांच्या किचनमध्ये बसून त्यांची बिलं वाचायची, फ्रिजच्या मागे डोकवायचं, खिडकीच्या रबरावरून बोट फिरवून बघायचं. आतापर्यंत काही शे घरं तरी झाली असतील, जर्मन, तुर्की, सीरियन, आपले मराठी सगळेच. त्यावरून माझं मत असं झालंय की जिथे पैसे अडकलेले असतात किंवा शेजारी बघत असतो तिथे जर्मन माणूस अतिशय नीट वागतो, आणि जिथे हे दोन्ही नसतं तिथे तो अगदी तुमच्या-माझ्यासारखाच वागतो. निसर्गप्रेम वगैरे आहे, नाही असं नाही, पण ते रविवारी जंगलात फिरायला जाताना जास्त दिसतं.

बाटलीपासून सुरुवात करते कारण तुमचाही पहिला धडा तोच असणार. दुकानात पाणी, कोला, बिअर काहीही घेतलं की बिलात खाली वेगळी ओळ येते, फांड. फांड म्हणजे डिपॉझिट. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, म्हणजे आपले पंचवीस रुपये म्हणा, आणि पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटलीवर कमी, बिअरच्या साध्या बाटलीवर ८ सेंट, पाण्याच्या बाटलीवर १५. क्रेटचे वेगळे दीड युरो. पाण्याचा बारा बाटल्यांचा क्रेट घेतलात की ३ युरो ३० सेंट नुसते डिपॉझिटचेच जातात, पहिल्यांदा मला वाटलं कॅशियर फसवतोय. मग शनिवारी सकाळी सगळं गाव मोठाल्या निळ्या पिशव्या घेऊन सुपरमार्केटच्या मशीनसमोर उभं. भिंतीत एक गोल भोक असतं, त्यात बाटली आडवी सारायची, ती आत गरागरा फिरते, बारकोड वाचला जातो आणि मग कचकच करत ती चिरडल्याचा आवाज येतो, खालची फरशी सांडलेल्या बिअर-कोलाने चिकट झालेली, सगळ्यांच्या चपला चर्र चर्र वाजतायत. शेवटी हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. माझी मुलगी सहा वर्षांची असल्यापासून हे काम तिचं, चिठ्ठीचे पैसे पण तिचे, त्यामुळे आमच्या घरात बाटली कधी हरवत नाही.

आणि हे चालतं बरं का, अगदी घड्याळासारखं. एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनमधल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव परत येतात असं सांगतात आणि ते रस्त्यावर दिसतंच, पडलेली बाटली सापडत नाही, कारण कोणी टाकलीच तर दुसरा उचलतो. स्टेशनवर, फुटबॉल मॅचनंतर, पार्कात तुम्हाला म्हातारे लोक टॉर्च घेऊन कचऱ्याच्या डब्यात हात घालताना दिसतील, ते बाटल्या शोधत असतात. पेन्शन पुरत नाही. म्हणून इथे रीत अशी की रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी खाली ठेवायची म्हणजे त्या माणसाला घाणीत हात घालावा लागू नये. पर्यावरणाच्या गोष्टीत गरिबी अशी मध्येच येऊन उभी राहते, ब्रोशरमध्ये ते नसतं.

आता यातली गंमत ऐका. हे २५ सेंटवालं डिपॉझिट १ जानेवारी २००३ ला आलं, ग्रीन पार्टीचे युर्गेन ट्रिटीन पर्यावरणमंत्री होते तेव्हा. दुकानदारांनी आणि कंपन्यांनी कोर्टात जाऊन प्रचंड आरडाओरडा केला, पहिली तीन वर्षं तर प्रत्येक दुकानसाखळी आपलीच बाटली परत घ्यायची, दुसऱ्याची नाही, २००६ च्या मे महिन्यापासून कुठे सगळं एकसारखं झालं. हेतू काय होता, तर लोकांनी एकदाच वापरायच्या बाटल्या सोडून पुन्हा भरायच्या बाटल्यांकडे वळावं. झालं उलटंच! परत द्यायला तर दोन्ही न्यायच्याच आहेत, मग लोक म्हणाले हलकी प्लास्टिकचीच घेऊ, आणि स्वस्त दुकानांना तर ते पथ्यावरच पडलं. कायद्यात उद्दिष्ट ७० टक्के पुनर्भरणीचं लिहिलंय, प्रत्यक्षात चाळीसच्या थोडं वर. म्हणजे रस्ते स्वच्छ झाले, बाटल्या मात्र वाढल्या.

तुम्हाला काचेची बाटली घ्यायचीच असेल तर ती मण्यांची घ्या. १९६९ पासूनची डिझाइन आहे, ०.७ लिटर, मधोमध बारीक मणी उठवलेले, सोड्याच्या बुडबुड्यांसारखे, आणि कुठल्याही झऱ्याची कंपनी तीच बाटली वापरते त्यामुळे ती धुऊन जवळच्याच कारखान्यात भरली जाते, रिकामी देशभर हिंडत नाही. हातात धरून उजेडात बघा, जिथे बाटल्या एकमेकींना घासतात तिथे पांढरा खरबरीत पट्टा आलेला असतो. पट्टा जेवढा रुंद तेवढ्या तिच्या फेऱ्या जास्त, पन्नासेक वेळा भरली जाते म्हणतात. मला दरवेळी आरेच्या दुधाच्या बाटल्या आठवतात, सकाळी रिकामी द्यायची भरलेली आणायची, आपणही हे करत होतो की, मग पिशवी आली आणि सगळं संपलं. तरी खरं सांगू का, नळाचंच पाणी प्या. इथलं नळाचं पाणी उत्तम असतं, फिल्टर लावायची पण गरज नाही. श्टुटगार्टचं बरंचसं पाणी बोडेन्झे या सरोवरातून येतं, जर्मन लोकांना मात्र बुडबुडे लागतात म्हणून ते क्रेट वाहतात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना.

पॅकेजिंगचं बोलायचं तर तिथे पार निराशा आहे. जर्मनी हा युरोपातल्या सर्वात जास्त पॅकिंगचा कचरा करणाऱ्या देशांपैकी एक, माणशी वर्षाला सव्वादोनशे किलोच्या आसपास, यात दुकानांचे खोके वगैरे सगळं आलं. काकडी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, चीजचे सहा स्लाइस आणि प्रत्येक स्लाइसमध्ये कागद. १९९१ ला नियम आला की पॅकिंग बनवणाऱ्यानेच त्याच्या गोळा करण्याचा खर्च उचलायचा, त्यातून पॅकिंगवर छापलेला तो हिरवा ठिपका आणि पॅकिंगच्या कचऱ्याची पिवळी पिशवी आली, आणि लोकांची समजूत झाली की पिवळ्या पिशवीत टाकलं म्हणजे आपण पापमुक्त. काही प्रमाणात होतंही, पण बरंचसं जळतं, विजेसाठी का होईना. सुटं सामान विकणारी दुकानं २०१४ पासून कील, बर्लिन करत करत सगळीकडे निघाली होती, डबा घेऊन जायचं, डाळ-तांदूळ वजनावर, आपल्या वाण्यासारखंच फक्त तिप्पट किमतीत. २०२२ ला महागाई आली आणि त्यातली कितीतरी बंद पडली. आमच्या जवळचं पण गेलं.

डबे. हो, आहेत, पाचही. निळा कागदाचा, तपकिरी ओल्या कचऱ्याचा, पिवळी पिशवी किंवा डबा पॅकिंगचा, काळा किंवा करडा उरलेल्याचा, आणि काच वेगळी रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये, पांढरी हिरवी तपकिरी अशी रंगवार. निळी काच हिरव्यात. काच रविवारी आणि रात्री टाकायची नाही, आवाज होतो, यावरून माझ्या डोळ्यांदेखत एका आजोबांनी एका पंजाबी मुलाला पंधरा मिनिटं झापलंय. डब्यांमागे पण पैसाच आहे बघा, काळ्या डब्याचे पैसे त्याच्या आकाराप्रमाणे भरावे लागतात आणि पिवळ्याचे वेगळे काही नाहीत, मग लोक काळा डबा छोटा घेतात आणि बाकीचं नीट वेगळं करतात. कोणी कोणी तर पिवळ्यात नको ते पण कोंबतात, मुलांचे डायपर सुद्धा. मग पिशवी उचलत नाहीत, स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि अख्ख्या बिल्डिंगला कळतं. नवीन परदेशी कुटुंब असलं की बोट आधी त्यांच्याकडेच जातं, तेव्हा पहिले सहा महिने जरा जपून.

आपले लोक कुठे चुकतात तेही सांगते. दह्याचा डबा गरम पाण्याने साबण लावून धुतात, गरज नाही, चमच्याने निपटून घेतला की पुरे, फक्त वरचं अल्युमिनियमचं झाकण पूर्ण काढून वेगळं टाका नाहीतर मशीनला दोन पदार्थ ओळखता येत नाहीत. दुकानाची पावती कागदात टाकू नका, बहुतेक पावत्यांचा कागद थर्मल असतो, तो काळ्यात. फुटलेला काचेचा ग्लास, कपबशी, दिवाळीच्या पणत्या काचेच्या कंटेनरमध्ये चालत नाहीत, त्यांचा वितळायचा हिशेब वेगळा. आणि ओल्या कचऱ्याला प्लास्टिकची पिशवी नको, कंपोस्टेबल लिहिलेली सुद्धा बऱ्याच गावांत चालत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. मे २०२५ पासून तपकिरी डब्याचे नियम अजून कडक झालेत, गाडीतल्या कचऱ्यात भलतंसलतं तीन टक्क्यांच्या वर गेलं तर ती गाडीच परत पाठवू शकतात. नारळाच्या करवंट्यांचं काय करायचं ते मात्र गावोगाव वेगळं, कचरा खात्याच्या कॅलेंडरमध्ये बघा, ते कॅलेंडर फ्रिजवर लावायचं असतं, कालनिर्णयच्या शेजारी.

आता माझा खरा विषय, हीटिंग. बाटल्या-पिशव्यांवर लोक तासन्‌तास बोलतात पण दात कोरून पोट भरत नाही, जर्मन घरात जी ऊर्जा जळते त्यातली जवळपास दोन तृतीयांश नुसती खोल्या गरम करायला जाते. इथे भाडं दोन प्रकारचं असतं, कोरडं म्हणजे थंड भाडं आणि त्यावर हीटिंग-पाणी वगैरे धरून गरम भाडं. गरम भाड्यातला आकडा हा अंदाज असतो! खरा हिशेब नंतर येतो, कधीकधी पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात, आणि १९८१ पासून नियम आहे की हीटिंगच्या खर्चाचा निम्मा ते ७० टक्के भाग ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणेच लावायचा. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर एक छोटं मीटर चिकटवलेलं असतं, ते गपचूप मोजत असतं.

दोन वर्षांपूर्वीचं एक मराठी कुटुंब सांगते, नाव-गाव नको. पहिल्या हिवाळ्यानंतर त्यांना अकराशे युरोंचं जादा बिल आलं आणि त्याच आठवड्यात बेडरूमच्या कपाटामागे काळी बुरशी सापडली, पार फुटभर, घरमालक म्हणे तुमची चूक, हे म्हणे तुमची भिंत खराब. मी गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, बाहेर शून्याच्या आसपास, आणि सगळ्या खिडक्या वरून तिरप्या उघड्या, दिवसभर तशाच असतात म्हणाल्या वहिनी, ताजी हवा यायला नको का. खाली रेडिएटर ५ वर. बेडरूममध्ये स्टँडवर ओले कपडे, किचनमध्ये कुकरची तिसरी शिट्टी होत होती. मी फक्त दहा युरोचं आर्द्रतेचं मीटर काढून कपाटावर ठेवलं, ७४ टक्के. चाळीस ते साठच्या मध्ये हवं असतं.

चूक कोणाचीच नव्हती तसं बघायला गेलं तर, ते ज्या घरात वाढले तिथे खिडकी बंद करणं हीच चूक होती. पण थंड देशात काय होतं, चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत जातं आणि ते जिथे भिंत सगळ्यात गार तिथे जाऊन बसतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे. तिरप्या खिडकीतून ते बाहेर जातच नाही, नुसती खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि गॅस जळत राहतो. म्हणून जर्मन लोक श्टोसल्यूफ्टेन करतात, हा शब्द पाठच करा. सकाळी उठल्यावर, स्वयंपाकानंतर, झोपताना, रेडिएटर बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटं, मग घट्ट बंद. भिंती गरमच राहतात, फक्त हवा बदलते. माझ्या ऑफिसात जानेवारीत मीटिंगच्या मध्येच कोणीतरी उठून हे करतं, सगळे जॅकेट चढवतात आणि बोलणं चालूच. आणि रेडिएटरच्या नॉबवरचा आकडा म्हणजे वेग नाही, ३ म्हणजे साधारण २० डिग्री, ५ वर ठेवलं म्हणजे लवकर गरम होत नाही, एसीच्या रिमोटवर १६ केलं म्हणून खोली लवकर थंड होते का? तसंच हे. एक डिग्री कमी केलंत तर सहाएक टक्के वाचतात. त्या कुटुंबाचं पुढच्या वर्षी जादा बिल आलं नाही, उलट थोडे परत मिळाले, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे सरकवलं आणि बुरशीही परत आली नाही. वहिनींनी मला पुरणपोळ्या पाठवल्या होत्या.

पण गंमत अशी की एवढी काटकसर करूनही जर्मनांचा आकडा फार खाली येत नाही, कारण घरं मोठी होत चाललीत. सरासरी माणशी ४७ चौरस मीटरच्या आसपास जागा, म्हणजे पाचशे स्क्वेअर फूट एकेका डोक्याला, आपल्याकडे त्यात वन बीएचके बसतो आणि त्यात चार जण राहतात. मुलं शिकायला गेली, नवरा वारला, तरी आजी एकशेवीस मीटरच्या घरात एकटी, आणि ते घर तर गरम करावंच लागतं. या आजीबाई कचरा नऊ प्रकारे वेगळा करतील हो, पण हा हिशेब त्यांच्यापुढे काढायची माझी हिंमत होत नाही.

अंघोळीचं जाता जाता. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, त्याआधी जर्मनीचा निम्म्याहून जास्त आयात गॅस रशियाकडून यायचा, तो बंद व्हायला लागला तेव्हा सगळे घाबरले. सरकारी ऑफिसं १९ डिग्रीवर आणली, कारंज्यांचे दिवे बंद केले. तेव्हाचे आमच्या राज्याचे, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गचे, मुख्यमंत्री विन्फ्रीड क्रेचमान म्हणाले की सारखं शॉवर घ्यायची गरज नाही, वाशलापेन ही पण उपयुक्त वस्तू आहे. वाशलापेन म्हणजे अंग पुसायचं छोटं फडकं. देशभर त्यांची टिंगल झाली. मी मनात म्हटलं, बादली-तांब्या सांगा की त्यांना! साध्या शॉवरमधून मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी जातं, आपली बादली पंधरा-वीस लिटरची, त्यात पूर्ण अंघोळ होते. जर्मन लोक एकूण पाणी फार वापरत नाहीत, १९९० ला माणशी दिवसाला १४७ लिटर होतं ते आता सव्वाशेच्या आसपास आलंय, इतकं कमी की काही शहरांत गटारं तुंबू नयेत म्हणून पालिकेला वरून पाणी सोडून ती धुवावी लागतात. तेव्हा वाचवायचं ते गरम पाणी, गार नव्हे. बादली इथे मिळते, तांब्या मात्र घेऊन या.

जुन्या पिढीची काटकसर वेगळीच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी नव्वदीला टेकल्यात, दुसऱ्या महायुद्धानंतरचे उपासमारीचे दिवस लहानपणी बघितलेत. वाढदिवसाला त्यांना काही दिलं की त्या सेलोटेप नखाने हळूहळू सोडवतात, कागद फाटू देत नाहीत, मग तो मंद इस्त्रीने सपाट करून ड्रॉवरमध्ये. एकदा मीच दिलेला कागद तीन वर्षांनी माझ्याकडे परत आला, मुलीच्या वाढदिवसाच्या भेटीवर. या आजींना सस्टेनेबल वगैरे शब्द माहीत नाही, त्या फक्त म्हणतात, हे तर चांगलंय अजून. पूर्व जर्मनीत तर याची सरकारी व्यवस्थाच होती, झेरो नावाची, कच्च्या मालाची चणचण म्हणून रद्दी, बाटल्या, बरण्या विकत घेणारे डेपो, शाळकरी मुलं हातगाडी घेऊन दारोदार फिरायची आणि आलेल्या पैशाचं आइस्क्रीम खायची. एक गुलाबी हत्ती तिचं चिन्ह. देश एक झाला आणि ते गुंडाळलं गेलं, पश्चिमेचा हिरवा ठिपका आला. लायप्झिगच्या माझ्या एका सहकारी बाईला अजून त्याचा राग आहे, ती म्हणते आमच्याकडे कचऱ्याचे पैसे मिळायचे, तुम्ही ते द्यायला लावलेत. मी तिला आपल्या रद्दीवाल्याबद्दल, बोहारणीबद्दल सांगितलं तर तिला ते इतकं पटलं की तिने दोन्ही शब्द लिहून घेतले.

रिपेअर कॅफेला मात्र नक्की जा. कल्पना मूळची अॅमस्टरडॅमची, २००९ ची, पण रुजली इकडे जोरात. महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, कॉफी-केक असतो, आणि रिटायर्ड इंजिनिअर मंडळी बसतात, श्टुटगार्टात गाड्यांच्या कारखान्यांत आयुष्य गेलेले लोक, हातात भिंग आणि मल्टिमीटर. मी पुण्याहून आणलेला मिक्सर घेऊन गेले होते, जळका वास यायचा आणि मध्येच बंद पडायचा. आधी फॉर्मवर सही, बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही अशी. मग त्या काकांनी चार स्क्रू काढले, कार्बन ब्रश बाहेर काढून मला दाखवला, एका बाजूने पार झिजून नखाएवढा उरलेला, म्हणाले मोटर उत्तम आहे, अशी आता आम्ही बनवत नाही. याने काय वाटता, विचारलं. ओल्या नारळाची चटणी. पुढच्या महिन्यात दोन युरोचा ब्रश बसला आणि मी त्यांना डबाभर चटणी नेऊन दिली, तिखट लागली त्यांना. थुरिंगिया राज्य २०२१ पासून रिपेअरच्या बिलाचा निम्मा खर्च, वर्षाला शंभर युरोपर्यंत, परत द्यायला लागलं. आमच्याकडे असं नाही आणि दुकानात रिपेअर म्हणजे मजुरीच एवढी की नवीन घेतलेलं परवडतं, हे दुखणं आहेच.

फर्निचर नवीन घेऊ नका लगेच. रस्त्याकडेला खोके दिसतील, वर चिठ्ठी, फुकट न्या. पुस्तकं, कप, खेळणी, एकदा चक्क इडलीपात्र मिळालंय मला, कोण मराठी किंवा तमिळ सोडून गेलं देव जाणे. सेकंडहँड घ्यायची इथे कोणाला लाज नाही, डॉक्टरीणबाई पण मुलांचे कपडे फ्ली मार्केटमधून घेतात आणि अभिमानाने भाव सांगतात.

खाण्याचं. इथे मांस कमी होतंय हे खरं, दहा-बारा वर्षांपूर्वी माणशी साठ किलोच्या वर होतं ते आता पन्नास-त्रेपन्नच्या घरात आलंय. शाकाहाऱ्यांची सोय आता कुठेही होते, मी आले तेव्हा सॅलडवर दिवस काढलेत. पण सरकारचा कारभार बघा, गायीच्या दुधावर ७ टक्के टॅक्स आणि ओटच्या दुधावर १९, कारण कायद्याच्या लेखी ते दूध नाहीच, पेय आहे. घरात वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला पंचाहत्तर किलोच्या आसपास, बहुतेक पाव आणि भाज्या. बहुतेक पाकिटांवरची तारीख ही चांगलं राहण्याची हमी असते, त्या दिवशी ते विष होत नाही, दही आठवडाभर जास्त चालतं, नाकाने ठरवा. दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यातून फेकलेलं अन्न काढणं ही मात्र इथे चोरी आहे, ओल्शिंगच्या दोन विद्यार्थिनींना त्यासाठी दोषी ठरवलं आणि २०२० मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने पण त्यांचं गाऱ्हाणं घेतलं नाही. त्यापेक्षा फूडशेअरिंगची सार्वजनिक कपाटं-फ्रिज बघा, २०१२ पासून चाललंय, बेकरीचा संध्याकाळचा पाव तिथे येतो. बायो म्हणजे सेंद्रिय, त्याच्या शिक्क्यांवर जास्त डोकं शिणवू नका, हिरवं पान असलं की पुरे, आणि मोसमातलं घ्या, म्हणजे टोमॅटो मार्चमध्ये नको. पांढरा शतावरीसारखा श्पारगेल एप्रिल ते २४ जून मिळतो, २४ नंतर शेतकरी स्वतःच काढायचे थांबतात, मुळांना विश्रांती म्हणून. त्या दोन महिन्यांत जर्मन माणूस दुसरं काही बोलत नाही.

आणि सायकल... हं. फ्रायबुर्गला, म्युन्स्टरला असेल. श्टुटगार्ट हे वाडग्यासारखं डोंगरात बसलेलं शहर आहे आणि शिवाय गाड्यांचं माहेर. ८४ दशलक्ष लोकांत जवळपास ४९ दशलक्ष कार आहेत, हायवेच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही, आणि ती आणायचा विषय काढला की शांत माणसं पण लालबुंद होतात. जानेवारी २०१९ ला इथे जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आली, हवा इतकी खराब होती, तर लोक पिवळी जॅकेट घालून रस्त्यावर उतरले, बंदीच्या विरोधात. स्पेनच्या मेयॉर्का बेटावर वर्षातून दोनदा विमानाने जाणारे माझे कितीतरी क्लायंट आहेत जे कागदी स्ट्रॉवरून मला लेक्चर देतात. माणशी सगळं मिळून दहा टनांच्या आसपास कार्बन उत्सर्जन आहे इथे, भारताची सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. केंद्रीय पर्यावरण खात्याने २०१६ मध्ये जो अभ्यास छापला त्यात हेच निघालं होतं की पर्यावरणाची सगळ्यात काळजी असलेला सुशिक्षित सुस्थितीतला वर्गच ऊर्जा जास्त जाळतो, कारण पगार जास्त, घर मोठं, प्रवास लांबचे. मला ते वाचून अजिबात नवल वाटलं नाही, मी त्यांच्याच किचनमध्ये बसलेली असते. तुम्ही आपलं डॉइशलांडटिकेट म्हणजे महिन्याचा पास काढा, २०२३ ला महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ झालंय, देशभरातल्या सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम त्यात येतात, मुलांना सहा वर्षांपर्यंत तसंही फुकट. कारशिवाय वर्षभर बघा कसं जमतंय.

तर ताई, येताना कुकर आणा, तांब्या आणा, कापडी पिशव्या चार-सहा आणा, जुने सुती पंचे आणा, किचन पेपरचा खर्च वाचेल. कपडे वाळत घालायची दोरी बाल्कनीत बांधता येते का ते करार सही करायच्या आधी विचारा, आणि मागच्या भाडेकरूचं हीटिंगचं बिल बघायला मागा, मागायला लाजू नका, इथे तो रास्त प्रश्न आहे. जुनी बिल्डिंग असेल तर खिडकीला आतून हात लावून बघा. बाकी सगळं शेजारी शिकवतीलच, न विचारता. आणि हो, पुण्यात पाण्याची बाटली संपली की पिळून चेपून टाकायची आपल्याला सवय असते, कोणी पुन्हा भरून विकू नये म्हणून. ती इथे मोडा. चेपलेल्या बाटलीवरचा बारकोड मशीनला वाचता येत नाही, ती बाटली परत बाहेर ढकलते, आणि मागे रांगेत उभे असलेले पाच जण तुमच्याकडे बघत राहतात.